मालक बदलला? आधी ई-सर्च उघडा (पाचपैकी चार तारे)

नोंदणी व मुद्रांक विभागाची ई-सर्च, म्हणजे नोंदवलेले दस्त ऑनलाइन शोधायची सेवा, घर विकत घेणाऱ्यांसाठी आहे असं बहुतेकांना वाटतं. तिची खरी गरज भाडेकरूला आहे. सोलापूरच्या साखर पेठेतल्या वाड्यात तीस वर्षं राहणारं कुटुंब असो की जुळे सोलापुरात अकरा महिन्यांच्या करारावर राहणारं, दारात अनोळखी माणूस उभा राहून ‘घर मी घेतलंय, महिन्याभरात खाली करा’ म्हणाला, की हुज्जत न घालता सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) काढायचा. मोफत शोधाला एक रुपयाही लागत नाही.

उर्वरित महाराष्ट्र निवडा, मग वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि शेवटी मिळकत क्रमांक. अडतं ते इथेच. दस्तात सिटी सर्व्हे नंबर लिहिलाय, प्लॉट नंबर की फ्लॅट नंबर, हे बाहेरून कळत नाही. एकेक टाकून बघावं लागतं, तेही वर्ष बदलून पुन्हा पुन्हा. एक तारा कापला तो यासाठी.

सूची उघडली की आधी रकाना 1 वाचा, म्हणजे विलेखाचा (दस्ताचा) प्रकार. तिथे ‘साठेखत’ असेल तर समोरचा अजून मालक झालेला नाही. साठेखत हा विक्रीचा करार, विक्री नव्हे. ‘खरेदीखत’ असेल तर रकाना 7 मध्ये लिहून देणारा (विकणारा), 8 मध्ये लिहून घेणारा (खरेदीदार) आणि 9 मध्ये दस्त करून दिल्याची तारीख. ही तारीख टिपून ठेवा, भाड्याचा हिशोब तिच्यावरच चालतो. वारसाहक्काने घर गेलं असेल तर मात्र ई-सर्चमध्ये सहसा काही सापडणार नाही, कारण नोंदणीचा दस्त होतोच असं नाही. तिथे मिळकत पत्रिकाच (प्रॉपर्टी कार्ड) बघावी लागते.

आता त्या तारखेचं काम. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 109 नुसार, विक्री झाल्याचं माहीत नसताना भाडेकरूने जुन्या मालकाला भाडं दिलं, तर नवा मालक तेच भाडं पुन्हा मागू शकत नाही. विक्रीआधीची थकबाकीही त्याला आपोआप मिळत नाही. पण विक्री कळल्यावर जुन्या मालकाला दिलेले पैसे अंगावर येतात. म्हणून जुन्या मालकाकडून ‘यापुढे भाडे अमुक यांना द्यावे, अनामत त्यांच्याकडे वर्ग केली’ असं सहीचं पत्र घ्या आणि भाडं बँकेतूनच भरा. अनामतीचा आकडा त्या पत्रात आलाच पाहिजे. पुढे सगळ्यात जास्त भांडणं त्यावरूनच होतात.

राहता येईल की नाही, हे कागद कोणता आहे त्यावर ठरतं. जुन्या, खऱ्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं संरक्षण आहे आणि मालक बदलल्याने ते संपत नाही. नव्या मालकाला कोर्टात जाऊन कलम 16 मधलं कारण किंवा भाड्याची थकबाकी सिद्ध करावी लागते. स्वतःला जागा हवी असेल तरी जास्त अडचण कोणाची, हे कोर्ट तोलतं. थकबाकीच्या दाव्यात समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, वार्षिक 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला आणि दावा संपेपर्यंत भाडं भरत राहिलं, तर घर वाचतं. नळ किंवा वीज तोडणं कलम 29 नुसार बेकायदा आहे.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांचं, म्हणजे अकरा महिन्यांच्या परवाना करारावर राहणाऱ्यांचं, तसं नाही, आणि बहुतेक जण इथेच फसतात. भारतीय सुविधाधिकार कायदा, 1882 चं कलम 59 सांगतं की जागा विकली गेली की परवाना नव्या मालकावर बंधनकारक राहत नाही. सामान हलवायला वाजवी वेळ मिळतो आणि मुदतीआधी विनाकारण काढलं तर ज्याने परवाना दिला त्याच्याकडे भरपाई मागता येते, एवढंच. तरीही कुलूप तोडून, सामान रस्त्यावर टाकून बाहेर काढण्याचा हक्क कोणालाच नाही. तसं झालं तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली सहा महिन्यांच्या आत ताबा परत मिळवण्याचा दावा लावा.

यावर उपाय आधीच करायचा असतो. करार करून देणारे ठरावीक मसुदा भरतात आणि त्यात विक्रीचा शब्द सहसा नसतो. हे वाक्य हट्टाने घालून घ्या: ‘मुदतीत जागा विकल्यास मालक 60 दिवस आधी लेखी कळवील, खरेदीदाराला हा करार मान्य असल्याचे खरेदीखतात नमूद करील, अन्यथा जागा सोडण्यापूर्वी पूर्ण अनामत परत देईल.’ महिना 8,000 भाडं आणि 30,000 अनामत असलेल्या अकरा महिन्यांच्या कराराला मुद्रांक सुमारे 227 रुपये आणि शहरात नोंदणी फी 1,000 रुपये. त्यावरचे पैसे कोणी मागितले तर त्यात सरकारची फी किती आणि करार करून देणाऱ्याची मजुरी किती, हे विचारून घ्या.

नोटीस हातात पडली असेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता तिथे वकील मोफत मिळतो. जाताना सूची क्रमांक 2, भाड्याच्या पावत्या आणि करार, तिन्हींच्या प्रती सोबत असू द्या.