वुरुंजेरी डिझाइनची क्रिकेट जर्सी: अख्खा सीझन वापरल्यावर

मेलबर्नच्या आमच्या लोकल क्लबने यंदा अबोरिजिनल (ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या) आर्टवाली जर्सी केली, ऑक्टोबर ते मार्च घातली, आणि आता इतर क्लबातली आपली मंडळी विचारतायत घ्यावी का. घ्याच, फक्त चित्र कोण काढतंय ते आधी बघा.

कापड नेहमीचं पॉलिएस्टर. सब्लिमेशन प्रिंट असल्यामुळे रंग धाग्यातच मुरलाय, सीझनभर मशीनमध्ये धुऊनसुद्धा एक रेष फिकी नाही. काळा भाग उन्हात तापतो, फिल्डिंगला जाणवतं.

डिझाइनबद्दल सगळ्यांचा पहिला प्रश्न, ठिपके कुठायत? अहो ती प्रसिद्ध ठिपक्यांची अबोरिजिनल चित्रं मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली, तिथल्या पापुन्या वस्तीत १९७१ पासून बोर्ड-कॅनव्हासवर उतरली, तिथे एकात एक वर्तुळं म्हणजे पाणवठा नाहीतर मुक्काम. इकडे व्हिक्टोरियात परंपरा रेषांची, ढालींवर आणि पॉसमच्या (इथला झाडावर राहणारा छोटा प्राणी) कातड्याच्या पांघरुणांवर कोरलेल्या, नागमोडी, डायमंडसारख्या. मेलबर्नच्या टीमला ठिपके मागणं म्हणजे पैठणीवर मधुबनी मागणं. आमचं चित्र एका वुरुंजेरी, म्हणजे मेलबर्न भागातल्या मूळ रहिवासी, आंटींनी काढलं (त्यांच्यात ज्येष्ठ बाईंना मानाने आंटीच म्हणतात, आपल्या पोरांना ते शिकवावं लागलं नाही). पुढून खांद्यापासून खाली बिरारुंग, म्हणजे यारा नदी, आणि पाठीवर बुंजिलचे पंख. बुंजिल म्हणजे गरुड, वुरुंजेरी लोक त्यालाच सृष्टीकर्ता मानतात. आंटींनी स्वतः येऊन हे सगळं समजावलं, त्यानंतर जर्सी घालताना खरंच वेगळं वाटतं.

आणि क्रिकेटमध्ये अबोरिजिनल लोक काही नवे नाहीत. १८६८ ला इंग्लंडला गेलेल्या पहिल्या ऑस्ट्रेलियन टीममध्ये कॅप्टन लॉरेन्स सोडून सगळे अबोरिजिनल, बहुतेक पश्चिम व्हिक्टोरियातले, ४७ मॅचेस खेळले. त्यांचा स्टार ऑलराउंडर उनारिमिन उर्फ जॉनी मुलाघ, त्याच्या नावाचं सामनावीराचं मेडल २०२० च्या बॉक्सिंग डे टेस्टला पहिल्यांदा दिलं आणि ते मिळालं आपल्या अजिंक्य रहाणेला! त्याच दौऱ्यात टी-२० ला ऑस्ट्रेलियाने जी इंडिजिनस जर्सी घातली ती करणाऱ्यांपैकी फिओना क्लार्क या त्या १८६८ च्या टीममधल्या एका खेळाडूच्या वंशज. भारतीय पोरांनी भरलेल्या क्लबमध्ये हे माहीत असायलाच हवं.

खटकलं ते एकच पण फार खटकलं. आंटींनी लोगोसाठी मोकळी जागा आखून दिली होती तरी छापणाऱ्याने स्पॉन्सरचा लोगो नेमका बुंजिलच्या पंखावर दाबला, हीट-प्रेसवाला, म्हणजे वरून गरम दाबून चिकटवलेला, तो जानेवारीतच सोलायला लागला. फायनल प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, चित्रकाराला दाखवल्याशिवाय छपाई सुरूच करू देऊ नका.

चित्राचा कॉपीराइट आंटींकडेच आहे, क्लबला परवानगी फक्त या जर्सीपुरती. ज्युनियर्ससाठी काढायच्या तर पुन्हा विचारायचं, पुन्हा मानधन द्यायचं, आणि ते योग्यच आहे. पुढच्या सीझनला लोगो बाहीवर घेतोय, आंटींशी बोलणं झालंय. तुम्हाला करायची असेल तर इथल्या हिवाळ्यातच (जून ते ऑगस्ट) सुरुवात करा, घाईत होणारं काम नाही, आणि साइज एक मोठीच घ्या.