जॉब रजिस्टर ट्रेलोला जोडायचंय: जॅपियर, मेक की ऑफिसातल्या पीसीवर एनएटएन?

गेल्या काही महिन्यांत नाशिकच्या अंबडमधल्याच तीन-चार जणांनी मला हे विचारलं, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो. सगळ्यांची अडचण एकच, जॉब रजिस्टर डेटाबेसमध्ये आहे, फ्लोअरवरची माणसं मोबाइलवर ट्रेलो (कामाची कार्डं लिस्टमध्ये मांडणारं ॲप) बघतात आणि मधे कोणीतरी दिवसभर इकडचं तिकडे टाइप करत बसतं. कोडिंगसाठी वेगळा माणूस ठेवायचा नाही. जॅपियर, मेक आणि एनएटएन (n8n) तिन्ही एकीकडचा बदल आपोआप दुसरीकडे नेतात, पहिले दोन क्लाउडवर चालतात, एनएटएन स्वतःच्या मशीनवरही चालवता येतं. मी आधी क्लाउडवरची एक तयार सर्व्हिस वापरली आणि आता एनएटएन ऑफिसातल्याच मशीनवर चालवतो, त्यामुळे दोन्हीकडचा अनुभव आहे.

आमचं काम काय ते आधी सांगतो, कारण तुमचं वेगळं असेल तर तुमचं उत्तरही कदाचित वेगळं येईल. इलेक्ट्रिकल पॅनलचं युनिट, महिन्याला साधारण ४० जॉब, रजिस्टर मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये. कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, पावडर कोटिंग (हे सातपूरला बाहेर जातं), वायरिंग, टेस्टिंग, डिस्पॅच असे ७ टप्पे. टप्पा बदलला की ट्रेलोवर कार्ड पुढच्या लिस्टमध्ये सरकायला हवं, कोणी कधी काम संपवलं त्याची कॉमेंट पडायला हवी आणि पुढची तारीख बदलायला हवी. म्हणजे एका बदलाला ३ कामं.

आता जॅपियर आणि मेक. सुरुवात करायला दोन्ही छानच आहेत, जॅपियर तर इतकं सोपं की आमच्या अकाउंट्सवाल्या ताईंनी एका दुपारी पहिलं कनेक्शन स्वतः उभं केलं असतं. मेकमध्ये सगळा प्रवाह चित्रासारखा डोळ्यासमोर दिसतो, कुठे फाटा फुटतो ते कळतं, मला ते जास्त आवडतं. पण दोघंही मोजतात, आणि मोजायची पद्धत वेगळी आहे. जॅपियर फक्त यशस्वी झालेली कृती टास्क म्हणून धरतं, ट्रिगर (बदल झाला का ते बघणारी पहिली पायरी) आणि फिल्टर (अट तपासणारी पायरी) धरत नाही. मेक मात्र प्रत्येक मॉड्यूल, म्हणजे प्रवाहातली प्रत्येक पायरी, चाललं की मोजतं (आता त्याला क्रेडिट म्हणतात), आणि दर वेळी डेटाबेसमध्ये डोकावून काही नवीन सापडलं नाही तरी ते डोकावणंही मोजलं जातं. दर १५ मिनिटांनी बघायचं म्हटलं तर दिवसाला ९६ वेळा, महिन्याला २,८८० नुसतं बघण्यातच गेले, मेकचा फुकटचा प्लॅन १,००० चा आहे. जॅपियरवर आमचा हिशोब ७ टप्पे गुणिले ३ गुणिले ४० म्हणजे ८४०, वर नवीन कार्ड बनवणं आणि त्याचा नंबर परत रजिस्टरमध्ये लिहिणं धरून आणखी ८०. त्यांचा सुरुवातीचा प्रोफेशनल प्लॅन ७५० टास्कचा. वरचा प्लॅन घ्या की, असं म्हणाल, घेता येतो, पैशांचा प्रश्न तेवढा मोठा नव्हताच.

माझं मन उडालं ते या मोजणीमुळे जी सवय लागली तिच्यामुळे. आम्ही घेतलेल्या सर्व्हिसचा (नाव लिहीत नाही, चूक निम्मी आमचीही होती) कोटा एका महिन्यात २३ तारखेलाच संपला, मेल आला होता पण तो ज्या आयडीवर आला तो कोणी उघडतच नव्हतं. कार्डं जिथल्या तिथे थांबली. चौथ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला, मी ट्रेलो बघून सांगितलं की पॅनल अजून कोटिंगला आहे, आणि फोन ठेवून खाली गेलो तर ते पॅनल कॉम्प्रेसरच्या मागे प्लास्टिक गुंडाळून दोन दिवसांपासून उभं! सुपरवायझर काका म्हणाले, "साहेब, कार्डावर अजून सातपूरलाच दिसतंय म्हणून मी वायरिंगला घेतलंच नाही." त्या माणसाचं काहीच चुकलं नव्हतं, आम्हीच त्यांना कार्डावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं.

त्यानंतर मी काटकसर सुरू केली. कॉमेंट बंद केली, तारीख फक्त शेवटच्या टप्प्याला बदलायची असं ठरवलं, टेस्टिंगचा शेरा कार्डावर पाठवणं सोडून दिलं. काकांनी एकदा विचारलं की टेस्टिंगचा शेरा का दिसत नाही हल्ली, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं. ज्या माहितीसाठी हे सगळं जोडलं तीच मी मोजणी वाचवायला कापत होतो. तुम्हाला कदाचित याचं एवढं वाटणार नाही, मला मात्र तिथेच नको झालं.

दुसरी गोष्ट, डेटाबेस आहे कुठे. क्लाउडवरच्या सर्व्हिसला ऑफिसातल्या पीसीपर्यंत बाहेरून आत यावं लागतं, म्हणजे स्टॅटिक आयपी (न बदलणारा इंटरनेट पत्ता) घ्या, राउटरवर पोर्ट उघडा, फक्त त्यांच्याच पत्त्यांना परवानगी द्या. आम्ही केलं होतं सगळं, पण रजिस्टरचं दार असं रस्त्याकडे उघडं ठेवणं मला पटलं नाही. एनएटएन त्याच नेटवर्कवर बसतं, आतल्या आत डेटाबेस वाचतं आणि ट्रेलोशी बोलायला स्वतः बाहेर जातं, बाहेरून आत कोणाला यायची गरजच पडत नाही. ट्रेलोवरचे बदल परत आणायला मी वेबहुक (बदल झाला की ट्रेलोने स्वतः कळवायची सोय) लावलंच नाही, दर ५ मिनिटांनी बोर्डाच्या हालचाली वाचून घेतो, आमच्या कामाला तेवढं पुरतं. आणि स्वतःच्या मशीनवरच्या कम्युनिटी आवृत्तीत किती वेळा चालवलं याला मर्यादा नाही, त्यामुळे कॉमेंट, तारीख, शेरा सगळं परत सुरू झालं.

पण एनएटएन फुकट आहे म्हणून उडी मारू नका. डॉकर (एनएटएनसारखं सॉफ्टवेअर मशीनवर चालवायचं साधन) समजणारा एक तरी माणूस हवा, पीसी यूपीएसवर हवा, बॅकअप तुमचा तुम्हाला घ्यायचा. त्याची एन्क्रिप्शन की (पासवर्ड कुलूपबंद ठेवणारी किल्ली) जपावी लागते, ती हरवली तर आत साठवलेले पासवर्ड आणि टोकन (खात्यात शिरायचे परवाने) परत उघडत नाहीत, सगळी खाती नव्याने जोडत बसा. आमची की कागदावर लिहून तिजोरीत ठेवलीये. काही अडलं की फोन करायला कोणी नाही, फोरम वाचत बसायचं. ही तयारी नसेल तर जॅपियर घ्या, खरंच सांगतो, त्यात काही कमीपणा नाही.

माझ्या मेव्हण्याला तर मी स्वतः मेकच सांगितलं. त्याचं दिंडोरीकडे द्राक्षाचं पॅकहाऊस आहे, प्लॉटची यादी, फवारणीच्या नोंदी, रेसिड्यूचे (फवारणीच्या औषधांच्या अवशेषांचे) रिपोर्ट आधीपासूनच एअरटेबल या ऑनलाइन डेटाबेसवर, म्हणजे डेटा मुळातच क्लाउडवर. काम जोरात चालतं ते सीझनचे तीन-चार महिने, बाकी वर्षभर प्लॅन बंद ठेवला तरी चालतं. त्याने फक्त सीझनपुरता मशीन सांभाळत बसण्यात अर्थ नव्हता. आमच्यासारखं बारा महिने, रोज, एकाच जॉबचे सात-सात बदल असतील तर मात्र मी एनएटएनकडेच बोट दाखवेन.

काहीही घ्या, दोन कॉलम आधी रजिस्टरमध्ये वाढवून ठेवा. एक ट्रेलो कार्डाच्या आयडीचा, नाहीतर नावाने शोधत बसाल आणि एका जॉबची दोन कार्डं होतील. दुसरा, ओळ शेवटची कधी बदलली त्याचा, जो मायएसक्यूएल आपोआप भरतं, कारण नुसत्या 'नवीन ओळ' ट्रिगरला जुन्या जॉबचा टप्पा बदललेला दिसतच नाही. दोन्हीकडून बदल जाणार-येणार असतील तर तो बदल कोणी केला, माणसाने की ऑटोमेशनने, हेही लिहून ठेवा, नाहीतर ट्रेलो रजिस्टर बदलणार, रजिस्टर परत ट्रेलो बदलणार आणि हे रात्रभर चालू राहणार, मोजणीवाल्या सर्व्हिसवर असाल तर सकाळपर्यंत महिन्याचा कोटा साफ. आणि जुने जॉब एकदम ढकलू नका, ट्रेलो एका टोकनला १० सेकंदांत १०० च रिक्वेस्ट घेतं, मी मधे थांबा टाकून वीस-वीसच्या गठ्ठ्याने चढवले, जेवणाच्या सुट्टीत झालं.