गच्चीवरच्या जैविक भाजीचं किट: पिशव्या उत्तम, बियाणं नापास

इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या गच्चीवर ऊन भरपूर येतं, आणि मी बरीच वर्षं तिथे भाजी लावते. मेथी, पालक, टोमॅटो, वांगी, मिरच्या, कठड्यावर चढलेली घोसाळी. यंदा लेकीनं पुण्याहून एक किट मागवून पाठवलं. खोक्यावर ठळक अक्षरांत ‘संपूर्ण जैविक भाजीबाग’ असं लिहिलेलं. कंपनीचं नाव मी देत नाही. अशी किटं आता बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकानं सारखाच असतो, म्हणून प्रत्येक वस्तू कशी पारखायची तेच सांगते.

आधी पिशव्या, कारण किटमधली खरी मोलाची वस्तू तीच. एचडीपीई या जाड, टिकाऊ प्लास्टिकच्या विणलेल्या, २२० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला २२० ग्रॅम भरणाऱ्या कापडाच्या), खाली पाणी जायला कडीची भोकं, वर उचलायला दोन पट्टे. आपल्याकडे पातळ काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या स्वस्त मिळतात, पण माळव्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात त्या कडक होतात आणि हात लावला की फाटतात. या विणलेल्या पिशव्यांनी अख्खा उन्हाळा काढला. रंग किंचित उतरला, शिवण कुठेही उसवली नाही. मापं दोन होती. १२ बाय १२ इंचाच्या पिशवीत साधारण २२ लिटर माती मावते. मिरचीच्या एका रोपाला ती पुरते, टोमॅटोला अपुरी पडते. १५ बाय १५ मध्ये ४० लिटरच्या वर मावते. टोमॅटो, भरताची वांगी आणि वेलांना हीच घ्यावी. मात्र ओली भरलेली अशी पिशवी सहज ४० किलोच्या घरात जाते. जुन्या घराची गच्ची असेल तर पिशव्या मधोमध न ठेवता भिंतीच्या किंवा तुळईच्या रेषेवर ठेवा, आणि खाली दोन विटा द्या, म्हणजे स्लॅबवर ओल धरत नाही.

कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट ६५० ग्रॅमची. भिजवल्यावर आठ-नऊ लिटर होते. यात तक्रार नाही, पण माहितीपत्रकात एक गोष्ट लिहायलाच हवी होती. नारळाच्या काथ्यात क्षार असतात. नीट न धुतलेल्या कोकोपीटमध्ये कोवळ्या रोपांची पानं कडेनं करपतात. म्हणून वीट भिजवायची, पिळायची, ते पाणी टाकून द्यायचं आणि पुन्हा एकदा तेच करायचं. शिवाय कोकोपीट ओल धरतं, रोपाचं पोट भरत नाही. नुसत्या कोकोपीटमध्ये झाड उभं राहतं, फळत नाही.

माहितीपत्रकातला दुसरा सल्ला मात्र इंदूरच्या माणसानं मुळीच ऐकू नये: ‘अर्धी पिशवी बागेतल्या मातीनं भरा.’ आपली माती काळी, चिकण. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. पिशवीत ती कडेपासून सुटते, आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली निघून जातं. वरून माती ओली दिसते, आत मुळं कोरडी. काळी माती एक भाग, मुरलेलं खत एक भाग आणि उरलेल्या तिसऱ्या भागात धुतलेलं कोकोपीट, जाड वाळू किंवा विटांचा चुरा, हे प्रमाण इथे चालतं.

गांडूळखत ठीक होतं. मूठभर हातात घेतल्यावर पावसाच्या मातीसारखा वास आला. उग्र वास आला असता तर ते कच्चं असतं. निंबोळी पेंडही चांगली, मुळांवरच्या सूत्रकृमींना (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जंतांना) आवर घालते आणि हळूहळू नत्रही देते.

आता बियाणं. पाकिटं उघडली आणि मन खट्टू झालं. टोमॅटोचं बी गुलाबी, भेंडीचं निळसर, धने आणि मेथीसुद्धा रंगवलेली. हा रंग उगाच दिलेला नसतो. बियांना थायरमसारखं बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि ते ओळखू यावं म्हणून रंग देतात. पाकिटामागे बारीक अक्षरांत ‘प्रक्रिया केलेलं, खाऊ नये’ असंही छापलं होतं. मी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्रपणे म्हणाली, “मॅडम, बी उगवलं की औषध निघून जातं.” मी म्हटलं, “बाळा, मग खोक्यावर जैविक कशासाठी लिहिलंत? मी जास्तीचे पैसे त्याचेच दिलेत ना?” तिच्याकडे उत्तर नव्हतं, आणि तिचा त्यात दोषही नव्हता. एवढ्याशा औषधानं भाजी विषारी होते असं मी म्हणत नाही. पण आपल्या देशातल्या सेंद्रिय, म्हणजेच जैविक, शेतीच्या नियमांनुसार सेंद्रिय बी मिळालं नाही तर साधं चालतं, रासायनिक प्रक्रिया केलेलं नाही. आणि एक धोका अगदी घरातला आहे. पेरून उरलेली ती मेथी किंवा धने कुणीतरी सवयीनं डब्यात ओतू शकतं. आमच्याकडे ८२ वर्षांच्या सासूबाई स्वयंपाकघरात असतात. मी ती पाकिटं त्याच दिवशी वेगळी बांधून ठेवली.

शिवाय टोमॅटो संकरित होता. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही. घरच्या बागेला पुसा रूबी टोमॅटो, पुसा ज्वाला मिरची, अर्का अनामिका भेंडी हे सरळ वाण जास्त बरे, बी आपलं आपल्याला राखता येतं. अर्का अनामिका हे वाण हळद्या रोगाला (पानांच्या शिरा पिवळ्या पडतात तो) प्रतिकारक म्हणूनच काढलेलं, आता तो प्रतिकार बऱ्याच ठिकाणी कमी झालाय, आणि आपल्याकडे पावसाळ्यात पांढरी माशी भेंडीवर तोच रोग घेऊन येते. दुकानात ‘प्रक्रिया न केलेलं’ असं स्पष्ट मागायचं. मेथी आणि धने तर किराणा दुकानातले चालतात. धने फक्त हातानं रगडून दोन फाका करायचे.

खत बाहेरगावाहून कुरिअरनं मागवणं मला इंदुरात विशेष खटकतं. होळकर दरबारानं दिलेल्या जमिनीवर इंग्रज कृषिशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इथे संशोधन संस्था उभारली, आज तिथे कृषी महाविद्यालय आहे. कंपोस्टची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून शिकवतात ती इथली. १९३१ मध्ये तिच्यावर पुस्तक निघालं तेव्हा हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे सहकारी यशवंत वाड यांचं नाव होतं, आणि ते वाचताना मला आजही अभिमान वाटतो. मूळ पद्धत शेतासाठी आहे: काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि लाकडाची राख थरांनी रचायची, ओल राखायची, अधूनमधून उलथायचं, तीन महिन्यांत खत तयार. मर्म उलथण्यात आहे. हवा मिळाली की कुजताना घाण सुटत नाही.

गच्चीवर त्यासाठी याच किटमधल्या दोन मोठ्या पिशव्या कामी येतात. एकीत वाळल्या पानांचा जाड थर, त्यावर भाजीच्या देठा-सालांचा पातळ थर, वर मूठभर माती, चिमूटभर राख आणि गवळ्याकडच्या शेणाचं पाणी. पिशवी भरली की पंधरवड्यानं सगळं दुसरीत उलटायचं, वरचं खाली जातं. ओला-सुका कचरा वेगळा ठेवायची सवय आपल्या गावाला आहेच, त्यामुळे निम्मं काम आधीच झालेलं असतं.

तेव्हा किट घेऊ नका. पिशव्या सुट्या मिळतात, त्या जरूर घ्या, मोठी पिशवी शंभराच्या आतबाहेर पडते. निंबोळी पेंड आणि पहिल्या हंगामापुरतं गांडूळखत जवळच्या रोपवाटिकेतून आणा. पिशवी घेताना तिच्यावर २२० जीएसएम छापलंय का ते बघा, आणि आतून उलटी करून तळाची शिवण दुहेरी आहे ना, तेवढं पाहून घ्या.