नवे म्हणून बसवलेले जुने पाटे

ऑफरोडसाठी गाडी बांधून घ्यायचा विचार असेल, तर गॅरेजला आगाऊ पैसे देण्याआधी हे वाचा. माझी फसवणूक झाली ती गाडी ताब्यात घेतली त्या संध्याकाळी. मला ती कळली अडीच महिन्यांनी, वाळवंटात, पक्क्या रस्त्यापासून ७० किलोमीटर आत.

गाडी म्हणजे फोर बाय फोर पिकअप, मागे पाट्यांचं सस्पेन्शन, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांची जुडी. कामाची यादी मी स्वतः लिहून दिली होती: मागे जास्त भार पेलणारे नवे पाटे, त्यांच्यासोबत नवे यू-बोल्ट (पाटे आवळून धरणारे, इंग्रजी U सारखे वाकवलेले बोल्ट), चारही शॉकअप, पुढे लोखंडी बंपर आणि टोचनचे हूक, मागच्या फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, पाच नवे टायर. गॅरेजचा मालक गोड बोलणारा होता आणि कामातही कच्चा नव्हता. त्याने घडवलेला बंपर आजही माझ्या गाडीवर आहे, त्याच्या वेल्डिंगला नाव ठेवायला जागा नाही. म्हणूनच जास्त राग येतो. जे डोळ्यांना दिसतं ते त्याने मन लावून केलं आणि ज्यासाठी गाडीखाली आडवं व्हावं लागतं तिथे मला लुटलं.

काम चालू असताना तो रोज फोटो पाठवायचा. नवे पाटे, चकचकीत यू-बोल्ट, जाडजूड लाल केबल. परत आल्यावर तेच फोटो मोठे करून पाहिले, तेव्हा लक्षात आलं की मागच्या हाउसिंगवरून (मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या लोखंडी नळकांड्यावरून) जाणारा ब्रेकचा पाइप माझ्या गाडीत डाव्या बाजूने जातो आणि फोटोत उजव्या. गाडी माझी नव्हतीच. एकाही फोटोत नंबरप्लेट नव्हती, चेसी नंबर नव्हता. तेव्हा मला ते खटकलं नाही.

गाडी मिळाली ती अंधार पडताना, दोनदा तारीख पुढे ढकलून. मी विचारलं, "जुने पाटे कुठे आहेत?" तो म्हणाला, "साहेब, भंगारवाला सकाळीच घेऊन गेला. तुम्हाला काय करायचंय त्या लोखंडाचं?" मी मान डोलावली. जुने पाटे तेव्हा माझ्याच गाडीखाली होते. त्यात एक जादा पाटा सारून, खाली उंचीसाठी ठोकळा घालून, वरून काळ्या रंगाचा जाड थर दिला होता. गाडी उंच दिसत होती, एवढंच मी पाहिलं.

वाळवंटात आम्ही दोन गाड्या घेऊन गेलो. माझ्या गाडीत मी आणि बायको, दुसऱ्या गाडीत मित्र. पहिल्याच दिवशी फ्रिज बंद पडला. मित्राने मीटर लावला. इंजिन चालू असताना पुढच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट, मागच्या बॅटरीवर बाराच्याही खाली. म्हणजे मागे चार्जिंग पोचतच नव्हतं. खडबडीत रस्त्याने कुठेतरी जोड सैल झाला असेल असं वाटलं. तेव्हाच केबल उघडून पाहायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॉनेटमधून धूर आला. ती जाडजूड लाल केबल चेसीच्या धारेवर घासत होती. आवरण फाटलं आणि तार लोखंडाला टेकली. बॅटरीजवळ फ्यूज असता तर तो त्याच क्षणी उडाला असता आणि गोष्ट तिथेच थांबली असती. फ्यूज नव्हता. बिलात होता. बायकोने अग्निशामक काढला, मी पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली. अर्ध्या मिनिटाचा खेळ होता, पण डिझेलची नळी तिथून वीतभर अंतरावर होती.

जळालेला तुकडा कापल्यावर आत काय होतं ते दिसलं. बोटाएवढ्या जाड आवरणात पेन्सिलच्या शिशापेक्षा जेमतेम जाड तारेची जुडी. तीही तांब्याची नव्हे. ब्लेडने खरवडलं की आत पांढरी, वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम. अशा तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो. शिवाय अॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, त्यामुळे टोकाला दाबून बसवलेला लग, म्हणजे बोल्टला अडकवायचं धातूचं टोक, सैल पडतो आणि तापतो. केबल विकत घेताना टोक कापून खरवडून पाहणं दहा सेकंदांचं काम आहे. हातात घेऊनही कळतं, तांबं चांगलंच जड लागतं.

केबल पूर्ण काढून टाकली, फ्रिजमधलं टिकणार नव्हतं ते त्याच दिवशी संपवलं आणि एकाच बॅटरीवर पुढे निघालो. परत फिरायला हवं होतं का? होय. दोन गोष्टी बिघडल्या म्हणजे बाकीचंही त्याच हाताने केलेलं आहे, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता.

संध्याकाळी एक टायर बसला. वाळूसाठी हवा ३६ वरून १८ पीएसआयवर आणली होती. हवा कमी केली की टायर लांबट पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगते, हे बरोबरच आहे. पण मग टायरची बाजूची भिंत सतत दुमडत राहते, आणि ती जुनी, कडक झालेली असेल तर तडकते. चाक काढून आडवं ठेवलं तेव्हा आतल्या बाजूला तारीख दिसली: २३१५. चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २०१५ सालाच्या २३व्या आठवड्यातला टायर. मला तो नवा म्हणून विकला होता. पूर्ण आकडा पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर असतो. पाचही चाकांवर ती बाजू आत वळवून बसवली होती आणि बाहेरची बाजू पॉलिशने काळीभोर केली होती. पाचपैकी पाच वेळा चुकून होत नाही.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मागून जोराचा आवाज आला आणि गाडी तिरकी चालू लागली. स्टिअरिंग सरळ, पण गाडी खेकड्यासारखी एका अंगाने. उतरून पाहिलं तर डावं मागचं चाक मागे सरकून मडगार्डला टेकलं होतं.

इथे थोडं समजावून सांगतो, कारण जीव जाऊ शकतो तो इथे. पाट्यांच्या गाडीत हाउसिंगला जागेवर धरतात ते यू-बोल्ट. ते पाट्यांची जुडी आणि हाउसिंग इतकं घट्ट आवळतात की घर्षणानेच काही हलत नाही. पाट्यांच्या मधोमध जो सेंटर बोल्ट असतो, तो पाटे एकत्र ठेवायला आणि जागा दाखवायला. तो बारीक असतो, ओढ सोसायला नसतोच. यू-बोल्ट सैल पडले की ब्रेकचा आणि इंजिनचा सगळा जोर त्या बारक्या बोल्टवर येतो आणि तो कापला जातो. मग हाउसिंग एका बाजूने मागे जातं, मागची चाकं स्वतःच गाडी वळवू लागतात. आम्ही ताशी २५च्या आत होतो. पक्क्या रस्त्यावर ८०च्या वेगात हे झालं असतं तर मी हे लिहायला नसतो.

यू-बोल्ट सैल का पडले? कारण ते साध्या मऊ लोखंडाचा गज वाकवून, टोकाला आटे पाडून केलेले होते. आवळले की ते ताणले जातात आणि ताणलेलेच राहतात. नटांवर दर्जाचा आकडा नव्हता. भरीला पाट्यांमध्ये आणि ठोकळ्याखाली रंगाचा जाड थर होता. तो दाबाने चेपला आणि झिजला, तेवढी पकड आणखी गेली. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असं कोरलेलं असतं. माझ्या गाडीखाली त्या गॅरेजने लावलेल्या एकाही बोल्टवर काही कोरलेलं नव्हतं.

आधी आम्ही पाणी मोजलं. ५५ लिटर होतं. वाळवंटात माणशी दिवसाला निदान पाच लिटर धरायचं आणि कष्ट करायचे असतील तर त्याहून जास्त, त्यामुळे तिघांना तीन दिवस निश्चिंत होते. मित्राकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र होतं. घरी ठिकाण कळवलं आणि उद्या संध्याकाळपर्यंत संदेश आला नाही तर मदत पाठवा असं सांगितलं. मग दोन्ही गाड्यांमध्ये ताडपत्री बांधली आणि चारपर्यंत सावलीत बसून राहिलो. हात शिवशिवत होते, पण भर दुपारी गाडीखाली शिरून घाम गाळणं म्हणजे दुरुस्तीसाठी लागणारं पाणी आणि डोकं दोन्ही घालवणं. चालत मदतीला जायचा विषय मी एकदा काढला, बायकोने तो तिथेच संपवला. लांबून गाडी दिसते, माणूस दिसत नाही.

गाडी ओढून कडक जमिनीवर घ्यायची होती. मित्र माझ्या पुढच्या हुकाला पट्टा लावायला वाकला आणि तसाच उठला. "हा हूक बंपरच्या पत्र्याला दोन साध्या बोल्टनी लावलाय रे. चेसीला नाहीये. ओढताना तुटला तर गोळीसारखा येईल." त्याने पट्टा चेसीला गुंडाळला. गॅरेजने दिलेले शॅकलही (पट्टा अडकवायच्या लोखंडी कड्या) त्याने बाजूला टाकले, कारण त्यांच्यावर भाराचा आकडा नव्हता. त्याच्या १९ मिलिमीटरच्या शॅकलवर ४.७५ टन असं ठसठशीत उठवलेलं होतं.

चार वाजता सामान उतरवलं. जॅकखाली फळी घालून चेसी उचलली, डावीकडचे यू-बोल्ट सोडले, पाटे जी-क्लॅम्पमध्ये आवळले. तुटलेला सेंटर बोल्ट ठोकून काढला. मित्राच्या डब्यात त्याच जाडीचा अॅलन बोल्ट निघाला. अॅलन बोल्टचं डोकं गोल आणि उभट असतं, त्यामुळे ते हाउसिंगवरच्या भोकात सेंटर बोल्टसारखंच बसतं. हा बोल्ट डब्यात ठेवायची अक्कल मित्राची. मग पट्टा लावून हाउसिंग कणाकणाने पुढे ओढलं. बायको टॉर्च धरून भोक आणि बोल्टचं डोकं जुळतंय का ते सांगत होती. जुळलं तेव्हा अंधार पडला होता. यू-बोल्ट तेच जुने, ताणलेले, लावावे लागले. आटे संपत होते म्हणून खाली जाड वॉशर घातले. वरून हाउसिंगला साखळीचा वेढा दिला.

रात्री थंडीने झोप लागली नाही. पहाटे निघालो. जड सामान मित्राच्या गाडीत टाकलं, वेग ताशी १५ ते २०, दर पाच किलोमीटरला थांबून नट आवळायचे. दर वेळी ते थोडे फिरायचेच. पहिल्या थांब्याला अर्धा वेढा, नंतर पाव. ७० किलोमीटरला सात तास लागले.

परत आल्यावर गॅरेजमध्ये गेलो. मालक म्हणाला, "तुम्ही ओव्हरलोड केली, साहेब." मी तेच सामान, तेवढंच पाणी आणि डिझेल भरून गाडी वजनकाट्यावर नेली. मागच्या धुरीवर खरंच मर्यादेपेक्षा १४० किलो जास्त निघाले. ही माझी चूक आहे, मी निघण्याआधी वजन केलं नव्हतं. पण गाडी उंच केली की जास्त भार चालतो हे मला त्यानेच छातीठोक सांगितलं होतं, आणि ते धादांत खोटं आहे. उंची वाढल्याने गाडीची ठरवून दिलेली भारमर्यादा एका किलोनेही वाढत नाही. लोखंडी बंपर, विंच, मागचे कप्पे, दुसरी बॅटरी हे सगळं त्याच मर्यादेतून वजा होतं. आणि १४० किलो जास्त झाले म्हणून जुने पाटे नवे होत नाहीत, की अॅल्युमिनियमचं तांबं होत नाही.

टायरचे पैसे त्याने परत दिले, कारण तारखेपुढे बोलायला जागा नव्हती. बाकीचं बिल तो मानायला तयार नाही. बिलावर फक्त "सस्पेन्शन काम" आणि "वायरिंग काम" असं लिहिलेलं आहे. कंपनी नाही, पार्ट नंबर नाही, नगही नाहीत. असं बिल घेऊन मी सही करून निघालो, आणि तक्रारीत आता सगळ्यात जास्त तेच नडतंय. तुम्ही प्रत्येक भागाचा नंबर बिलावर लिहून घ्या, आणि जुने भाग डिकीत टाकून द्यायला काम ठरवतानाच सांगा. जो "भंगारवाला घेऊन गेला" म्हणेल, त्याच्यासमोर लगेच गाडीखाली वाका. यू-बोल्टचे दोन-तीन आटे नटाबाहेर दिसतात का, नटावर आकडा आहे का, रंगाखाली गंज आहे का. नखाने खरवडलं तरी पुरे. गाडी दिवसाउजेडी घ्या. अंधार पडला असेल तर सरळ दुसऱ्या दिवशी या. आणि लांब जायच्या आधी जवळच, भरल्या वजनाने, दोन दिवस खराब रस्त्यावर चालवा. मी ते केलं असतं तर केबल घराजवळच जळली असती.

आता पाटे दुसऱ्या मिस्त्रीकडे बदलले. त्याने जुने यू-बोल्ट माझ्यासमोर कापले, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नसतो. नवे टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने, आवळले आणि प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, नट जराही फिरला तर रेघ तुटलेली दिसेल. ५०० किलोमीटर झाले की पुन्हा आवळायला ये म्हणाला. आज ४६० झाले आहेत. रविवारी जाणार आहे.