चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट: तीन वर्षांनंतरचा अभिप्राय

जळगाव शहराबाहेर, महामार्गालगत उभ्या राहिलेल्या एका पाच मजली गृहसंकुलात आम्ही तीन वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावर दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. संकुलाचे आणि बिल्डरचे नाव मुद्दामच देत नाही, कारण पुढे जे लिहितो आहे ते थोड्याफार फरकाने कोणत्याही नव्या इमारतीला लागू पडावे. बांधकामाबद्दल माझी तक्रार नाही. भिंतींना ओल नाही, पाणी वेळेवर येते, लिफ्ट तीन वर्षांत दोनदाच बंद पडली. तक्रार आहे ती ही, की या काळात माझे वजन ६६ किलोंवरून ७३ वर आणि कंबर ८९ सेंटिमीटरवरून ९६ वर गेली. भारतीय पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ९० सेंटिमीटर मानतात, आणि बॉडी मास इंडेक्स (किलोंतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) २५ च्या पुढे गेला की लठ्ठपणा धरतात. मी दोन्ही रेषा याच घरात ओलांडल्या.

सगळा दोष घराचा नाही, हेही मान्य केले पाहिजे. ज्या वर्षी ताबा मिळाला त्याच वर्षी मी शाळेतून निवृत्त झालो. वर्गात उभे राहून पदार्थविज्ञान शिकवण्याचे रोजचे पाच-सहा तास संपले. पण पत्नीचे शिवणवर्ग पूर्वीसारखेच चालू आहेत आणि तिचेही वजन पाच किलोंनी वाढले आहे, म्हणून घराकडे बोट दाखवण्याचे धाडस करतो.

रथ चौकाजवळच्या आमच्या जुन्या घरात व्यायाम असा कोणी करत नव्हते. दळणाचा डबा खांद्यावर घेऊन गिरणीत जावे लागे, भाजीसाठी सुभाष चौकापर्यंत पायी, दुधासाठी सकाळी एक फेरी, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्या (ज्वारीचे पापड) पाहायला दिवसातून चार वेळा वर-खाली. यातले एकही काम नव्या घरात उरलेले नाही. पीठ पिशवीत येते, भाजी मोबाइलवरून येते, दूध दाराच्या कडीला लटकलेले असते.

या घरातली सर्वांत सदोष गोष्ट म्हणजे जिना. लिफ्टचे दार इमारतीत शिरताच समोर दिसते. जिना मात्र मीटरच्या खोलीमागे, एका जड लोखंडी दाराच्या आड आहे, आणि नवीन पाहुण्याला तो विचारल्याशिवाय सापडत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा दिवा गेला आहे. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर एका शेजाऱ्यांचा पत्र्याचा कूलर, त्यातले वाळ्याचे पडदे आणि उरलेल्या टाइल्सचे दोन खोके ठेवलेले असतात, त्यामुळे अंग चोरून जावे लागते.

सवयीने मी हिशेबही मांडून पाहिला. सत्तर किलोंचा माणूस बारा मीटर, म्हणजे चौथ्या मजल्यापर्यंत, चढतो तेव्हा साधारण ८,२०० जूल, म्हणजे दोन किलोकॅलरी इतके काम होते. स्नायूंची कार्यक्षमता वीस-पंचवीस टक्केच असल्याने शरीराला त्यासाठी आठ ते दहा खर्चाव्या लागतात. दिवसातून चार वेळा चढलो तर पस्तीस-चाळीस. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० किलोकॅलरी असतात, तेव्हा कागदावर वर्षाला पावणेदोन किलोंचा फरक निघतो. प्रत्यक्षात शरीर भूक आणि हालचाल बदलून घेते, म्हणून फरक याहून कमीच पडणार. पण तो दिशा दाखवतो.

मात्र त्याच हिशेबाने माझे तोंडही बंद केले. आठवड्यातून दोनदा रात्री आम्ही शेवभाजी मागवतो. पार्सलच्या डब्यातली तर्री एकदा वाटीत निथळून पाहिली तर वरचे तेलच दोन मोठे चमचे भरले, म्हणजे अडीचशेच्या आसपास किलोकॅलरी. आठवडाभराचे जिने एका डब्यात गेले. जुन्या घरी शेवभाजी खात नव्हतो असे नाही, पण त्यासाठी कपडे बदलून बाहेर पडावे लागे, आणि तेवढा कंटाळा बहुतेक वेळा पुरेसा होता. मग घरातली फौजदारी डाळ आणि दादर ज्वारीची भाकरी चालत असे. संकुलाच्या फाटकाशी एकच दुकान आहे, त्यात वेफर्स, बिस्किटे आणि थंड पेये आहेत, भाजी नाही.

फाटकाबाहेर पायी जाणे हा पर्यायही नावापुरता आहे. महामार्गाच्या कडेला पदपथ नाही, आणि अंधार पडल्यावर ट्रकच्या प्रकाशात चालण्याची हिंमत होत नाही. आतल्या पेव्हर ब्लॉकच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी उंच, सरळसोट अशोक लावले आहेत, जे माहितीपत्रकात शोभून दिसतात आणि सावली मात्र स्वतःच्या बुंध्यापुरतीच देतात. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो; तिथे लिंब किंवा करंज लावला असता तर सकाळी नऊपर्यंत तरी फिरता आले असते. आठवड्याला किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम असावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तो मी आता मेहरूण तलावाकाठी करतो. तिथे स्कूटरवरून जातो.

व्यायामशाळेबद्दल थोडक्यात: एक ट्रेडमिल, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला गेलेला.

तरीही हे घर विकण्याचा विचार नाही. दुसऱ्या कोणी अशा संकुलात घर पाहायला गेले तर नमुना फ्लॅट दाखवणाऱ्याला आधी जिना दाखवायला सांगावे, तो स्वतः चढून पाहावा, आणि भाजीचे सर्वांत जवळचे दुकान पायी गाठता येते का हे संध्याकाळी सातच्या सुमारास तपासावे.

कूलरचा विषय सोसायटीच्या बैठकीत दोनदा मांडून झाला. शेजारी सज्जन आहेत. मार्च लागला की ते कूलर घरात घेतात आणि जून सरेपर्यंत वळण मोकळे असते. नेमक्या त्याच चार महिन्यांत पत्र्याचे छप्पर असलेला तो जिना इतका तापतो, की कठड्याला हात लावता येत नाही, आणि मी लिफ्टचे बटण दाबतो.