दिवाळीच्या हस्तकला बाजारातील खरेदी : नाशिकमधील यंदाचा अनुभव

दसरा उलटला की नाशिकमध्ये हस्तकलेच्या प्रदर्शनांचे फलक लागू लागतात. गंगापूर रोडच्या बाजूला मैदानावर मोठे मंडप उभे राहतात, कॉलेज रोडच्या परिसरात एखाद्या सभागृहात दोन-तीन दिवसांचे छोटे प्रदर्शन भरते आणि महिला बचत गटांचे स्टॉल निराळेच मांडले जातात. पाडवा, भाऊबीज आणि नणंदेच्या नव्या बाळासाठीची भेट, अशी सगळी खरेदी या वर्षी दुकानातून न करता अशा बाजारांतूनच करायची, असे मी ठरवले होते. पंधरा दिवसांत तीन प्रदर्शने पाहिली आणि त्यांपैकी मैदानावरच्या मोठ्या प्रदर्शनाला तीनदा गेले. एकूण खर्च साडेचार हजारांच्या आसपास झाला. या खरेदीत काय चांगले मिळाले आणि कुठे निराशा झाली, ते पुढच्या वर्षी जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आधी गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगायला हवी, कारण यंदाच्या खरेदीची पद्धत तिच्यामुळेच बदलली. अशाच एका प्रदर्शनातून मी बांबूची झाकणाची टोपली घेतली होती आणि तीत सुका मेवा भरून मोठ्या जाऊबाईंना दिली होती. संक्रांतीला त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी ती टोपली उचलून दाखवली. खाली कपाटाच्या फळीवर पिवळसर, पिठासारखी बारीक भुकटी साठली होती आणि कामट्यांना टाचणीच्या टोकाएवढी भोके पडली होती. जाऊबाई चांगल्या मनाच्या, त्या एका शब्दानेही बोलल्या नाहीत; पण आपण दिलेली भेट दुसऱ्याच्या घरी अशी पोखरून निघावी, याचे मला फार वाईट वाटले. पावतीवर विक्रेत्याचा पत्ता नव्हता. आयोजकांना फोन केला, तर प्रदर्शन संपल्यानंतर आमची जबाबदारी राहत नाही, असे उत्तर मिळाले. खरेदी करताना मी त्या विक्रेत्याला टोपली कुठे विणली असे विचारले होते आणि त्याने केवळ ‘सगळे हॅण्डमेड आहे’ एवढेच सांगितले होते, हे मला नंतर आठवले. तो माल त्याने केलेला नव्हता आणि कोणी केला हेही त्याला माहीत नव्हते.

म्हणून यंदा प्रत्येक स्टॉलवर मी पहिला प्रश्न किमतीचा न विचारता ‘हे कोणी केले?’ असा विचारला. मोठ्या प्रदर्शनातील निम्म्याहून अधिक स्टॉलवर त्याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तेच रेझिनचे गणपती, त्याच साच्यातल्या सुगंधी मेणबत्त्या आणि तेच छापील तोरण चार-चार ठिकाणी होते. या वस्तू वाईट आहेत असे माझे म्हणणे नाही. पण प्रवेशद्वारावर हस्तकला असे लिहून आत हा माल ठेवणे ग्राहकावर अन्याय करणारे आहे आणि शेजारी बसलेल्या कारागिरावर त्याहून अधिक. दोन विक्रेत्यांनी मला सांगितले की, जागेचे भाडे इतके असते की एकट्या कारागिराला ते झेपत नाही, म्हणून ते दोघांत एक स्टॉल घेतात. आयोजकांनी स्वतः वस्तू बनवणाऱ्यांसाठी काही जागा कमी भाड्यात राखून ठेवल्या, तर या बाजाराचे रूपच पालटेल.

यंदाच्या खरेदीतील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे भावासाठी घेतलेले वारली चित्र. हरसूलकडच्या एका पाड्यावरून आलेला तरुण मंडपाच्या अगदी टोकाला, कचऱ्याच्या डब्याशेजारच्या जागेत बसला होता. शेणाने सारवलेले कापड मांडीवरच्या पाटावर ताणून तो बांबूच्या बारीक काडीने पांढऱ्या रंगात चित्र काढत होता. शेजारच्या स्टॉलवर वारली नक्षीचे टेबलावरचे रुमाल होते, तेही दिसायला सुबक होते. पण दोन रुमाल एकमेकांवर ठेवले की त्यांतील प्रत्येक माणूस, प्रत्येक झाड आणि प्रत्येक ठिपका तंतोतंत जुळत होता. या तरुणाच्या कापडावर तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवती नाचणाऱ्यांच्या साखळीत एकही आकृती दुसरीसारखी नव्हती. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून केलेले शरीर सगळ्यांचे सारखेच, तरी कोणाचा गुडघा अधिक वाकलेला, तर कोणाचा अंबाडा मागे झुकलेला. काडीवरचा रंग संपत आला की रेघ फिकट होते आणि पुन्हा बुडवल्यावर ठळक होते, हेही जवळून पाहिल्यावर स्पष्ट दिसत होते. हाताने काढलेले चित्र ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

रंग तांदळाच्या पिठाचा आहे का, असे मी विचारले. त्याने प्रामाणिकपणे नाही म्हणून सांगितले. लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर सवाशिणी जो चौक लिहितात, तो तांदळाच्या पिठाचा असतो. कापडावर मात्र ते पीठ घडी घालताच गळून पडते, म्हणून विक्रीच्या चित्राला तो तयार पांढरा रंग वापरतो. हे त्याने स्वतःहून सांगितले आणि माझा विश्वास तिथेच बसला. भिंतीवरची ही कला कागदावर आणि कापडावर नेऊन जगापुढे ठेवणारे जिव्या सोमा मशे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली आणि 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही ती काढणारा माणूस प्रदर्शनाच्या टोकाला कचऱ्याच्या डब्याशेजारी बसतो, हे पाहून मन खट्टू झाले.

माझा भाऊ निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. दिवाळी आणि द्राक्षवेलींची गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, एकाच सुमारास येत असल्यामुळे भाऊबीजेलाही तो जेमतेम दोन तास घरी सापडतो. हे बोलण्याच्या ओघात मी सांगितले, तेव्हा तो तरुण हसून म्हणाला, ‘ताई, मी चार वर्षं गेलोय ना छाटणीला. मांडव कसा असतो ते मला सांगू नका.’ हरसूल, पेठ, सुरगाणा या भागांतून मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात, हे आपल्या जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. पण चित्र काढणारा हात आणि वेलीवर कात्री चालवणारा हात एकच असेल, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते. त्याने एक अर्धवट राहिलेले चित्र पुढे ओढले. त्यात नाचणाऱ्यांच्या वर मोकळी जागा होती. तिथे त्याने आधी मांडवाच्या उभ्या-आडव्या रेघा घेतल्या, मग हात वर करून कात्री धरलेली माणसे, खाली पडलेल्या काड्या गोळा करणाऱ्या दोन बाया आणि बांधावर झोळीत निजलेले मूल काढले. या सगळ्याला पाऊण तास लागला. झोळी मी सांगितली नव्हती. तिची दोरी बांधलेल्या फांदीला त्याने अगदी किंचित बाक दिला, मुलाच्या वजनाने फांदी वाकावी तसा. चित्राचे त्याने 1,400 रुपये सांगितले आणि मी तेवढेच दिले. भाऊबीजेला भावाने ते उलगडले, तेव्हा सर्वांत आधी त्याने छाटणारी माणसे मोजली आणि ‘टोळी लहान आहे, पण काम बरोबर दाखवलंय’ असे म्हणाला. आता ते त्याच्या पडवीत लावलेले आहे.

नणंदेच्या बाळासाठी बचत गटाच्या स्टॉलवरून हाताने शिवलेले दुपटे घेतले, 850 रुपयांना. ते मऊ झालेल्या जुन्या सुती साड्यांचे आहे आणि त्यावरचा धावदोरा कडेपासून मध्यापर्यंत चौकटीत चौकट असा फिरत गेला आहे. शिवणाऱ्या मावशी तिथेच दुसरे दुपटे घेऊन बसल्या होत्या. यंत्रावरची शिलाई दोन्ही बाजूंनी सारखी ताठ असते आणि नव्या कापडाच्या रजईला खळीचा वास येतो. हे दुपटे हातात घेतले की त्याचा प्रत्येक टाका थोडा फुगलेला जाणवतो. एक सूचना मात्र करावीशी वाटते. गडद लाल तुकडा असलेले दुपटे घेतले, तर पहिल्या धुण्यात ते वेगळे भिजवावे. आमच्याकडच्या दुपट्याचा रंग थोडा गेला. मावशींनी ते आधीच सांगितले होते, त्यामुळे तक्रार नाही.

पैठणीच्या कापडाच्या पर्स आणि बटवे सगळीकडे होते, पण मी एकही घेतला नाही. हातमागावरच्या पैठणीच्या पदरावरील मोर किंवा मुनिया उलट बाजूनेही जवळजवळ तितकीच स्वच्छ दिसते, तर यंत्रमागाच्या कापडात मागे सुटे, कातरलेले धागे असतात. पर्सला आतून अस्तर लावलेले असल्यामुळे ही उलट बाजू पाहताच येत नाही. अस्तराची कड थोडी उसवून दाखवण्याची तयारी कोणाचीही नव्हती, आणि तशी अपेक्षा करणेही कदाचित बरोबर नाही. अस्सल पैठणीचा तुकडा भेट द्यायचा असेल, तर सरळ येवल्याला जाऊन मागावर बसलेल्या विणकराकडून घ्यावा, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

पाडव्यासाठी तांब्याचा तांब्याही प्रदर्शनात न घेता भांडी बाजारातून घेतला. प्रदर्शनातील तांबे आरशासारखे चकचकीत होते, पण चमक टिकावी म्हणून त्यांवर पारदर्शक लेप दिलेला होता आणि पाणी पिण्याच्या भांड्यावर तो मला नको होता. भांडी बाजारात मिळालेल्या तांब्यावर मठाराचे ठोके एकमेकांवर चढलेले, लहानमोठे आहेत आणि आतून बोट फिरवले तरी ते हाताला लागतात. साच्यातून ठोक्यांची नक्षी उठवलेल्या भांड्यावर ते एका मापाचे आणि ओळीत असतात. किंमत 1,250 रुपये पडली. पाण्याखेरीज ताक, लिंबू सरबत असे आंबट काही त्यात ठेवू नये, एवढे भेट देताना आवर्जून सांगावे.

आता बांबूविषयी. गेल्या वर्षीच्या अनुभवानंतर बांबूची वस्तू घेणारच नव्हते. पण कॉलेज रोडच्या छोट्या प्रदर्शनात पेठ तालुक्यातील एक काका आकाशकंदील करत बसले होते आणि त्यांच्यापाशी थांबल्यावाचून राहवले नाही. कोयत्याने बांबू उभा चिरून ते अंगठ्याच्या आधाराने कामटी काढत, ती गुडघ्यावर वाकवून पाहत आणि जिथे ती कुरकुरेल तिथे पुन्हा तासत. सांध्याला दोऱ्याचे तीन फेरे आणि वर खळीचे बोट. मी त्यांना टोपलीची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी न थांबता विचारले, ‘पावसाळ्यात तोडलेला असेल. भुकटी पडली ना खाली?’ पावसाळ्यात बांबूत गोडवा असतो आणि त्या वेळी तोडलेल्या बांबूला भुंगा लागतो. म्हणून तो थंडीत, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा आणि सावलीत वाळवायचा, असे त्यांनी समजावले. त्यांच्या कंदिलाचा बांबू मागच्या हिवाळ्यातला होता. तसे सांगून त्यांनी एक कामटी मधोमध मोडली आणि आतला कोरडा, पांढरट रंग मला दाखवला. मी प्रत्येकी 350 रुपयांचे दोन कंदील घेतले, एक आमच्या गॅलरीसाठी आणि एक जाऊबाईंसाठी.

बाजारांच्या व्यवस्थेविषयी थोडे सांगते. मोठ्या प्रदर्शनात संध्याकाळी सहानंतर वाहन लावायला जागा मिळत नाही आणि गर्दीत मोबाइलचे नेटवर्क अडकून ऑनलाइन पैसे देता येत नाहीत, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवावी. आठवड्यातील कामाच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास गेल्यास कारागिरांना बोलायला वेळ असतो. एका दिवशी परतीचा पाऊस आला आणि मंडपाचे छत गळून कागदी वस्तूंचे दोन स्टॉल भिजले. जमिनीवर जाजमाखाली प्लॅस्टिकही अंथरलेले नव्हते. आपल्याकडे दिवाळीपूर्वी पाऊस येतो हे आयोजकांना नवीन नाही. छोट्या प्रदर्शनाची व्यवस्था याहून कितीतरी नेटकी होती. बचत गटाच्या स्टॉलवर उटणे आणि पणत्या मिळून 350 रुपयांचे सामान घेतले, ते चांगले निघाले. घासाघीस मी मुद्दाम केली नाही. समोर बसून वस्तू करणाऱ्याला त्याच्या हाताची मजुरी कमी कर म्हणणे मला जमत नाही.

त्रिपुरी पौर्णिमा झाल्यावर आमचा कंदील उतरवला, गॅलरीतल्या फरशीवर पांढरा कागद पसरून त्यावर तो हलकेच आपटला आणि कागद उजेडात धरून पाहिला. एक कणही पडला नव्हता. जाऊबाईंनाही तसेच करून पाहायला सांगितले आहे. काकांचा फोन नंबर मी घेऊन ठेवला आहे. टोपली हवी असेल तर थंडीत बांबू तोडायच्या आधी सांगा, म्हणजे त्या मापाचे पेर निवडून ठेवता येईल, असे ते म्हणाले होते. या आठवड्यात त्यांना फोन करून झाकणाच्या टोपलीचे माप कळवणार आहे.