शाम सवेराचा कापलेला कोफ्ता

झी टीव्हीवर १९९३ साली ‘खाना खजाना’ सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे पनीर म्हणजे लग्नातच खायची गोष्ट. आई मांडीवर वही घेऊन बसायची आणि संजीव कपूर फोडणी घालेपर्यंत प्रमाण टिपून घ्यायची. जुहूच्या सेंटॉर हॉटेलातला शेफ, पण समजावून सांगणं अगदी घरातल्या माणसासारखं.

त्यांचा शाम सवेरा मी कधीच विसरणार नाही. पालकाचा हिरवागार कोफ्ता मधोमध कापायचा. आत पांढरंशुभ्र पनीर, खाली टोमॅटोची लालसर मखनी ग्रेव्ही. आईचे पहिले कोफ्ते तेलात फुटले, कारण पालक नीट पिळला नव्हता. पुढच्या खेपेला तिने उकडलेला पालक पंच्यात घट्ट पिळला, लसणावर परतला, बेसन घालून कोरडा केला. एकही फुटला नाही!

पुढे ‘मास्टरशेफ इंडिया’त ते परीक्षक झाले. तिथेही छानच, पण घड्याळ आणि रडारड यांत त्यांचं शिकवणं मागे पडतं, असं मला मनापासून वाटतं. मला आवडतात ते एका कढईसमोर निवांत उभे असलेले संजीव कपूर. आईच्या वहीतल्या त्या पानावर अजून तेलाचा डाग आहे.